फरशी दिवाळीनंतर ओता, मुरूम मात्र आत्ताच भरा

प्रश्न : नागपुरात हुडकेश्वरच्या पुढे माझा प्लॉट आहे. त्यावर २० बाय ४० फुटांची लोखंडी शेड उभी केली आहे आणि तिथे चारचाकी दुरुस्तीचं वर्कशॉप सुरू करायचं आहे. कॉलमचे फुटिंग ५ फूट खोल आहेत, वर पत्रे, तीन बाजूंनी विटांची भिंत, २० फुटांच्या दर्शनी बाजूला शटर. आत सध्या नुसती काळी माती आहे. मिस्त्री म्हणतात, वरची माती थोडी खरवडून बोल्डरची सोलिंग (दगडांचा थर) करू, त्यावर ४ इंच पीसीसी (साधं बिनलोखंडी काँक्रीट), मग दीड इंच कोबा आणि वर सिमेंट टाकून गुळगुळीत घोटाई. पावसाळ्याच्या आत सगळं उरकून देतो. शेजारच्या एका गॅरेजची फरशी अशीच केली होती. ती दोन वर्षांत मधून फुगली, कडेला फुटली आणि धूळ तर रोजचीच. माझ्याकडे दोन खांबांची ४ टनी लिफ्ट येणार आहे, एक लेथही आहे. जाडी किती ठेवू? लोखंड टाकायचं का? रेडीमिक्स घ्यावं की मिक्सर लावावा? शेड रिकामी ठेवणं परवडत नाही, म्हणून घाई आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नमस्कार.

शेजारच्या गॅरेजचं जे वर्णन तुम्ही दिलंय, त्यात दोन वेगळे आजार आहेत. मधून फुगणं आणि कडेला फुटणं हा खालच्या मातीचा प्रताप. धूळ सुटते ती जास्तीच्या पाण्यामुळे आणि अपुऱ्या तराईमुळे, म्हणजे ओतल्यावर काँक्रीट पुरेसे दिवस ओलं न ठेवल्यामुळे. जाडीचा या दोन्हींशी फारसा संबंध नाही. तीच फरशी ८ इंच ओतली असती तरी फुगलीच असती आणि धूळही सोडलीच असती. मिस्त्रींच्या योजनेत पैसा कोब्यावर आणि घोटाईवर जातोय. तो खाली, मुरमात घाला.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते, हे नागपुरात कुणाला सांगायला नको. मे महिन्यात तुमच्या भागातल्या मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पण फरशीखाली नेमकं काय घडतं, ते लक्षात घ्या. फरशी ओतली की खालच्या मातीतला ओलावा वर उडून जायची वाट बंद होते. मधली माती हळूहळू ओलावते आणि मग ओलीच राहते. कडेची माती मात्र बाहेरच्या ऋतूप्रमाणे फुगत-आक्रसत राहते. म्हणून फरशी मधून वर येते आणि भिंतीपासून फूट-दोन फुटांवर समांतर भेग पडते. ६ इंची काँक्रीटचं वजन चौरस मीटरला ३६० किलोच्या आसपास भरतं. फुगणाऱ्या काळ्या मातीला एवढं वजन उचलणं अगदी सोपं आहे.

आता घाईबद्दल. मे महिन्यात माती वर्षातली सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात आक्रसलेली असते. त्या अवस्थेत तिच्यावर काँक्रीटचं झाकण लावलं, तर पुढे तिला एकच दिशा उरते, वर. पावसाळा संपल्यावर, कार्तिकाच्या सुमाराला, मातीत मध्यम ओलावा असतो आणि फरशीखाली पुढे कायम राहणाऱ्या ओलाव्याच्या तो बराच जवळ असतो. म्हणून आमचा सल्ला असा, की खोदाई आणि मुरूम आत्ता, पावसाआधी करून घ्या. वरचा गिट्टी-डस्टचा थर आणि काँक्रीट दिवाळीनंतर करा. मधले चार-पाच महिने शेड रिकामी राहणार नाही. दाबलेल्या मुरमावर गाड्या उभ्या राहतात, सामान राहतं, किरकोळ कामंही होतात. उलट गाड्यांच्या फेऱ्यांनी कुठे मुरूम बसतो ते आपोआप कळेल, आणि पावसाळ्यात माती फुगून मुरूम इंचभर वर आला तरी तो खरवडून लेव्हल करता येतो. काँक्रीट तसं खरवडता येत नाही. फक्त लिफ्ट तेवढी थांबेल.

खोदाई २ फूट करा. फुटिंग ५ फुटांवर आहेत, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही, पण कॉलमला अगदी लागून जेसीबीचा दात घालू नका, तिथे हाताने खोदा. फरशीची वरची पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा १ फूट उंच ठेवायची. म्हणजे एकूण ३ फुटांत खालून २ फूट मुरूम, मग ६ इंच गिट्टी-डस्ट आणि ६ इंच काँक्रीट. तुमच्या ८०० चौरस फुटांना दाबून १६०० घनफूट मुरूम लागतो. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, तेव्हा साधारण २१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवावा लागेल. निघालेली काळी माती १६ ब्रासच्या खड्ड्यातून निघून ढिगात त्याहून बरीच जास्त भरेल. ती प्लॉटवरच पसरून ठेवू नका, आणि भिंतीला लागून तर नकोच. नर्सरीवाल्यांना, शेतकऱ्यांना विचारा, न्यायला कुणी ना कुणी भेटतं.

मुरूमच का, रेती का नाही? कारण काळ्या मातीत रेतीचा थर म्हणजे पुरलेला टब. पावसाचं पाणी त्यात साचतं आणि खालच्या मातीला निवांत पाजत बसतं. बोल्डरच्या सोलिंगचंही तेच. दगडांमधल्या पोकळ्यांत पाणी राहतं, शिवाय काँक्रीटमधलं सिमेंटचं दूध त्या पोकळ्यांत उतरतं. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवरच्या बांधकामासाठी न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत मांडली, आणि चांगला मुरूम त्या वर्णनात बसतो. २ फुटांच्या थराने फुगवटा शून्य होत नाही, पण खाली जे काही वर-खाली होतं ते पसरून आणि मंदावून वर पोचतं.

गाडीतला प्रत्येक मुरूम चांगला असतोच असं नाही. काळी माती मिसळलेला, ओला केल्यावर बोटांना साबणासारखा चिकटणारा मुरूम परत पाठवा. शंका असेल तर थोडा मुरूम कुटून बारीक चाळणीतून काढा. सारख्या आकाराच्या दोन अरुंद काचेच्या ग्लासांत सारखीच भुकटी घ्या, एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल, ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्यापेक्षा डोळ्यांना सहज दिसेल इतका जाड झाला, तर त्या मुरमात काळी माती आहे असं समजा. लॅबमध्ये हीच चाचणी मोजमाप करून देतात.

भरताना ६-६ इंचांचे चार थर करा. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर वरचे सहा इंच घट्ट होतात आणि खालचे दीड फूट सुटे राहतात. मग लिफ्टवर गाडी चढल्यावर ते बसायला लागतात. चालत फिरवायचा टनभराचा बेबी रोलर इथे बरा पडतो, कोपऱ्यांत आणि कॉलमभोवती प्लेट कॉम्पॅक्टर किंवा दुरमुस. प्रत्येक थर ओलसर हवा. मूठभर मुरूम दाबला की गोळा व्हावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की त्याचे तीन-चार तुकडे व्हावेत, इतपत. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर जास्त. एक पद्धत आपल्याकडे सर्रास चालते, ती मात्र पूर्ण बंद ठेवा. मुरूम भरून त्यात रात्रभर नळी सोडायची आणि ‘पाण्याने बसला’ म्हणायचं. ते पाणी मुरमातून थेट खालच्या काळ्या मातीत जातं. म्हणजे फुगवटा आपणच विकत घेतला.

शेवटचा थर झाल्यावर भरलेली पिकअप हळूहळू वरून न्या आणि चाकामागे वाकून बघा. जमीन चाकाबरोबर दबून पुन्हा वर येताना दिसली, तर तिथे खाली ओला किंवा सुटा भाग आहे. तेवढा उकरून पुन्हा भरा.

पावसाळ्यापूर्वी आणखी दोन कामं आहेत, आणि ती फरशीइतकीच महत्त्वाची. शेडच्या बाहेर चारही बाजूंनी ३ ते ४ फूट रुंद, बाहेर उतार असलेला पट्टा करा, आत्ता मुरमाचा चालेल, नंतर काँक्रीटचा. पत्र्यांना पन्हळ लावून पाइप भिंतीपासून लांब सोडा. नागपूरचा जुलै-ऑगस्टचा पाऊस पत्र्यावरून सरळ भिंतीच्या पायथ्याशी पडत राहिला, तर आतला सगळा मुरूम वाया. गाड्या धुण्याची जागाही भिंतीला लागून नको. गॅरेजमध्ये एकाच कोपऱ्यात फरशी वर आली असेल, तर त्या भिंतीच्या पलीकडे बहुतेक वेळा धुण्याचा रॅम्प किंवा गळका नळ सापडतो.

दिवाळीनंतर मुरमाची लेव्हल पुन्हा काढा आणि गिट्टी-डस्टचा ६ इंची थर घ्या. क्रशरवर ‘जीएसबी’ म्हणून तयार मिळतं तेच; दाबून ४०० घनफूट, म्हणजे सुटं सव्वापाच ब्रास. पृष्ठभाग अर्ध्या इंचाच्या आत सपाट हवा. खालचा थर वर-खाली असेल तर फरशी कुठे ७ इंच होईल, कुठे ५, आणि भेग नेमकी ५ इंचांवर पडेल. त्यावर २५० मायक्रॉनचं, म्हणजे १००० गेजचं पॉलिथिन, जोडाला १ फूट एकावर एक आणि वरून टेप. पॉलिथिनमुळे काँक्रीटमधलं पाणी खाली जात नाही, सगळं वर येतं. म्हणून पुढे पाण्याबाबत जे लिहिलंय ते अधिकच काटेकोर पाळावं लागेल.

जाडी. नुसत्या गाड्या उभ्या करायच्या असत्या तर ४ इंच पुरले असते. लिफ्टसाठी सगळीकडे ६ इंच आणि लिफ्टच्या प्रत्येक खांबाखाली ४ बाय ४ फुटांत १२ इंच करा. लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये काँक्रीटची किमान जाडी आणि ग्रेड लिहिलेला असतो. तो आधी वाचा. त्यात याहून जास्त मागितलं असेल तर तेच खरं. शटरच्या तोंडाशी, जिथे चाक पहिल्यांदा चढतं, तिथे दीड फुटाच्या पट्ट्यात १० इंचांपर्यंत जाडी वाढवा. लेथला ६ इंच पुरतात.

फरशी भिंतीच्या प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर) टेकवू नका. बीम हलत नाही, मुरूम थोडा हलतो. फरशीची कड बीमवर बसलेली असेल तर ती तिथेच मोडते. चारही बाजूंना अर्धा इंच थर्मोकोल किंवा बिटुमेन बोर्ड उभा लावा आणि कॉलमभोवती चौकटीचा कोपरा फरशीच्या जॉइंटकडे (मुद्दाम ठेवलेल्या फटीकडे) येईल अशी तिरकी चौकट सोडा. ती नंतर वेगळी भरायची.

ओतताना १० फूट रुंद आणि ४० फूट लांब असे दोन पट्टे करा, एक आज, एक दोन दिवसांनी. मधल्या कडेला १५० मिमीचं लोखंडी चॅनेल फर्मा म्हणून लावा, त्याची उंची बरोबर ६ इंच असते. चॅनेलला मधोमध १-१ फुटावर भोकं पाडून त्यांतून २० मिमीच्या, दीड फूट लांबीच्या प्लेन गोल सळया आरपार घाला, साधारण ४० नग. टीएमटी (कंगोऱ्यांची नेहमीची सळई) नको, तिच्या धारा काँक्रीट पकडून ठेवतात. अर्धी सळई ग्रीस लावून दुसऱ्या पट्ट्यात मोकळी सरकायला हवी. सळई वाकडी बसली तर ती सरकत नाही, उलट तिथूनच भेग निघते. सगळ्या एका पातळीत आणि फर्म्याला काटकोनात आहेत ना, हे काँक्रीट यायच्या आधी गुण्याने तपासा. ओतल्यावर तपासून उपयोग नाही.

आडवे जॉइंट दर १० फुटांवर कटरने कापायचे. म्हणजे १० बाय १० चे आठ चौकोन होतात. चारचाकी लिफ्टचे खांब साधारण ९ ते ११ फूट अंतरावर असतात, त्यामुळे ते लगतच्या दोन चौकोनांच्या मध्यभागी बसतील. तुमच्या लिफ्टचं माप आधी हातात घ्या आणि गरज पडली तर जॉइंट सरकवा. जॉइंटपासून सहा इंचांच्या आत लिफ्टचा अँकर आला, तर कड उखडते.

लोखंडाबद्दल. सळईने फरशी मजबूत होते हा समज चुकीचा आहे. सळई भेग पडल्यावर ती उघडू देत नाही, एवढंच तिचं काम. चांगल्या कडक जमिनीवर, १० फुटांवर जॉइंट कापून, बिनलोखंडाची फरशी छान चालते. तुमच्याकडे काळी माती आहे, म्हणून टाका. ८ मिमीची जाळी, ८-८ इंचांवर दोन्ही दिशांनी, एकूण ३०० किलोच्या आसपास. मात्र तिची जागा वर आहे, फरशीच्या वरच्या पृष्ठभागापासून २ इंच खाली. बहुतेक ठिकाणी जाळी पॉलिथिनवर अंथरतात आणि ‘ओतताना हुकाने उचलून घेऊ’ म्हणतात. उचललेली जाळी त्यावर पाय पडताच पुन्हा तळाला जाते. साडेतीन इंच उंचीच्या चेअर (जाळीखालचे सळईचे आधार) अडीच-तीन फुटांवर लावा. जिथे जॉइंट कापायचा आहे तिथे एक सोडून एक सळई तोडा, नाहीतर भेग कापलेल्या रेषेत न पडता मनाला येईल तिथे पडते.

काँक्रीटचं माप : फरशी ४०० घनफूट, लिफ्टचे दोन जाड भाग १६, शटरचा पट्टा १० च्या आसपास, थोडी नासधूस धरून साडेबारा घनमीटर. म्हणजे एका पट्ट्याला एक गाडी. या हिशेबात रेडीमिक्सच बरं. एम-२५ (२८ दिवसांनी चौरस मिमीला २५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट) मागा, २० मिमी गिट्टी, पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ च्या आत, साइटवर स्लंप (माल किती मऊ आहे याचं माप) ७५ ते १०० मिमी. पंप लावणार असाल तर ऑर्डर देतानाच सांगा, त्याचं मिक्स वेगळं असतं. गाडी शेडच्या आत घेऊ नका; लेव्हल केलेला जीएसबी तिच्या चाकांनी खचतो आणि पॉलिथिन फाटतं. शटरबाहेर उभी करून पंपाने किंवा फळ्यांवरून ट्रॉलीने आत न्या. गाडीच्या चलनावर (पावतीवर) माल भरल्याची वेळ असते. प्लांटमध्ये भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी.

आणि गाडीवाल्याने पाण्याची नळी हातात घेतली की त्याला थांबवा. माल कडक वाटतो, ओढायला जड जातो म्हणून मजूर पाणी मागतात, आणि ते मिळतंही. सहा घनमीटरच्या गाडीत पंधरा लिटरच्या दोन बादल्या गेल्या की स्लंप इंचभर वाढतो आणि ताकद चौरस मिमीला साधारण १ न्यूटन किंवा थोडी जास्तच घटते. आठेक बादल्या झाल्या की एम-२५ चे पैसे देऊन तुम्ही एम-२० च्या जवळचं काँक्रीट घेतलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे हे जास्तीचं पाणी सगळं वर येतं आणि वरचा पाव इंच, ज्यावर जॅकची चाकं फिरणार, तोच सगळ्यात कच्चा राहतो. शेजारच्या फरशीची धूळ हीच आहे. माल मऊ हवाच असेल तर प्लांटलाच सुपरप्लास्टिसायझर वाढवायला सांगा. प्रत्येक गाडीतून १५० मिमीचे सहा क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरून घ्या; तीन ७ दिवसांनी, तीन २८ दिवसांनी फोडायचे. क्यूब भरताहेत हे दिसलं की पाण्याचा आग्रहही कमी होतो.

गल्लीत गाडी येतच नसेल तर एका बॅगचा मिक्सर लावा, पण घमेल्यांच्या अंदाजाने नको. ३५ बाय २५ बाय ४० सेंमीचा फर्मा एक बॅग सिमेंटइतका भरतो. एका बॅगला दीड फर्मा रेती, तीन फर्मे गिट्टी, २५ लिटर पाणी. घनमीटरला आठ बॅगा, तुमच्या कामाला शंभर. यात एम-२० मिळतं. ओली रेती फुगते, फर्मा भरलेला दिसतो पण रेती कमी जाते, तेवढी वाढवून घ्या आणि तिच्यातलं पाणी २५ लिटरांतून वजा करा. कन्हानची रेती असली तरी गाळ तपासा. काचेच्या बाटलीत रेती, पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन-चार तासांनी वर बसलेल्या गाळाचा थर मोजा. तो ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती रेती धुवा किंवा बदला.

उताराचं थोडक्यात. पुढच्या २० फुटांत शटरकडे १०० ला १, म्हणजे जवळपास अडीच इंच. मागचे २० फूट, जिथे लिफ्ट आणि लेथ, तिथे अगदी सपाट.

ओतलेला माल कडेला आणि सळयांभोवती सुईच्या व्हायब्रेटरने बसवा, वर स्क्रीड व्हायब्रेटर किंवा निदान जड ॲल्युमिनियमचा पाटा ओढा. नंतर हात आवरा. वर चकाकणारं पाणी दिसतंय तोवर थापी लावायची नाही. त्या पाण्यावर सुकं सिमेंट भुरभुरून घोटलं की फरशी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. पाणी आपोआप गेलं, आणि बुटाचा ठसा ३ ते ५ मिमीच उमटतो असं झालं, की पॉवर ट्रॉवेल चालवायची.

वेगळा दीड इंची कोबा करू नका. दोन वेगळ्या दिवशी ओतलेले थर एकमेकांना नीट धरत नाहीत. पुढे कुठे कुठे ठोकलं की पोकळ आवाज येतो आणि जॅकखाली तिथेच खड्डा पडतो. कोब्याच्या पैशांत ओल्या काँक्रीटवरच फ्लोअर हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारी भुकटी) टाका, बिनधातूचा. चौरस मीटरला ४ किलो धरला तर तुमच्या ७४ चौरस मीटरला सुमारे ३०० किलो, म्हणजे २५ किलोच्या बारा बॅगा. दोन तृतीयांश पहिल्या फ्लोटच्या (सपाट थापी फिरवण्याच्या) वेळी पसरायचा, तो खालचं पाणी ओढून काळपट झाला की फ्लोट करायचा, मग उरलेला आडव्या दिशेने. वरून पाणी शिंपडून तो भिजवायचा नाही. भिजत नसेल तर उशीर झालाय.

नोव्हेंबरात सकाळी ओतलं तर जॉइंट बारा ते अठरा तासांत कापायला येतात, म्हणजे कटरवाल्याला त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे बोलवावं लागतं. ‘चार दिवसांनी येतो’ म्हणणारा कटरवाला नको. तोवर काँक्रीटने आपल्या भेगा स्वतः पाडलेल्या असतात. एका टोकाला फूटभर कापून बघा. कडेची गिट्टी उखडत असेल तर तासभर थांबा, स्वच्छ रेघ आली की सगळं कापा. खोली ४० ते ५० मिमी. वरवर काढलेली २० मिमीची रेघ नुसती शोभेची.

तराई. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी मारणं म्हणजे तराई नव्हे. अर्ध्या तासात फरशी सुकते आणि दिवसभर कोरडी राहते. आपल्याकडे बहुधा पीपीसी सिमेंट येतं, त्यात फ्लाय ॲश असते आणि तिला पाणी जास्त दिवस लागतं. आयएस ४५६ मध्ये अशा सिमेंटला किमान १० दिवस सांगितलेत आणि १४ दिवसांची शिफारस आहे. तुम्ही १४ च धरा. छत आहे, त्यामुळे सोपं आहे. कापणी झाली की कच्च्या मसाल्याचे बांध घालून इंचभर पाणी उभं ठेवा, किंवा ओलं बारदान आणि त्यावर पॉलिथिन. बांध काळ्या मातीचे नकोत, हार्डनरवर डाग कायमचे बसतात.

काही कारणाने उन्हाळ्यातच ओतावं लागलं, तर पहाटे सुरू करा, शेडच्या उघड्या बाजू हिरव्या जाळीने किंवा ताडपत्रीने बंद करा, आणि पाटा मारून झाल्यावर फ्लोटची वेळ येईपर्यंत फरशी पॉलिथिनखाली झाकून ठेवा. कोरड्या गरम वाऱ्यात काँक्रीट मऊ असतानाच वर बारीक तिरप्या भेगा पडतात. त्या थापीने बुजल्यासारख्या वाटतात, पण आत तशाच राहतात. हवा ४० अंशांच्या वर गेली की काँक्रीटला वेगळी काळजी लागते, आणि नागपुरात मे महिन्यात ४० अंश सकाळी अकरालाच होतात. कटरही मग पाच ते आठ तासांत लागतो.

चालायला दुसऱ्या दिवसापासून, हलकी गाडी तराई संपल्यावर, १४ दिवसांनी, पूर्ण भार आणि लिफ्टचे अँकर २८ दिवसांनी. लिफ्टवाला आठव्या दिवशी ड्रिल घेऊन आला तर परत पाठवा.

इपॉक्सीचा विचार पहिलं वर्ष तरी नको. हार्डनरची फरशी पुरते, आणि तेलाच्या डागांसाठी वर लिथियम सिलिकेटचा हात देता येतो. पुढे करायचीच झाली तर फरशीवर दीड फूट चौकोनी पॉलिथिन चारही कडांनी टेप लावून रात्रभर, निदान १६ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं तर इपॉक्सी फुगून निघेल. टाइल्स आणि पेव्हर दोन्ही सोडा. टाइल पाना पडला की फुटते आणि पेव्हर जॅकखाली खचतो.

जॉइंट लगेच भरायचे नाहीत. काँक्रीट पहिले दोन-तीन महिने आक्रसत राहतं आणि जॉइंट उघडत जातो. आधी भरला तर मसाला एका बाजूने सुटतो. थंडीत जॉइंट सगळ्यात रुंद असतो, म्हणून नोव्हेंबरात ओतलेल्या फरशीचे जॉइंट जानेवारी संपता संपता भरा. ब्लोअरने धूळ काढा. गाड्या येण्याजाण्याच्या भागात पॉलियुरेथेन सीलंट चालेल, पण ट्रॉली जॅकची लहान लोखंडी चाकं जिथून फिरतात तिथे अर्धकठीण इपॉक्सी फिलर जॉइंटच्या पूर्ण खोलीत भरा आणि वर आलेला भाग पात्याने फरशीच्या बरोबरीला कापा. मऊ सीलंटवर ती चाकं घसरतात आणि काही महिन्यांत कडांचे तुकडे उडायला लागतात.